स्विंगनंतरचा जॅझ: नवख्या कानांसाठी ऐकण्याचा एक क्रम

स्विंग, म्हणजे मोठ्या बँडांचा नाचायचा जॅझ, आपल्या कानांना तसा नवा नाही. चाळीस-पन्नासच्या दशकांत मुंबईच्या हिंदी चित्रपटांत वाजलेली ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन बरीचशी गोव्याच्या वादकांची होती. हळदोण्याचा चिक चॉकलेट रात्री हॉटेलात बँड वाजवायचा आणि दिवसा सी. रामचंद्रांच्या रेकॉर्डिंगला असायचा. 1951 च्या ‘अलबेला’मधली नाचाची गाणी आठवली की तो ठेका आपोआप पायात येतो. घोडं अडतं ते पुढे. 1945 च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये जे संगीत आकाराला आलं ते नाचासाठी नव्हतंच. त्यामुळे चित्रपटांना त्याचा फारसा उपयोग नव्हता आणि त्या वाटेनं ते आपल्या घरात आलं नाही.

म्हणून मॉडर्न जॅझ पहिल्यांदा लावणारा माणूस पाच मिनिटांत गोंधळतो. चाल कुठे गेली? हे सगळे मनाला येईल ते वाजवतायत का?

तसं नसतं. जवळजवळ प्रत्येक रेकॉर्डमध्ये काहीतरी पक्कं बांधलेलं असतं आणि काहीतरी मोकळं सोडलेलं असतं. 1945 ते 1970 या पंचवीस वर्षांत शैली बदलत गेल्या त्या मुख्यतः या हिशेबात: काय धरायचं, काय सोडायचं. हे दोन प्रश्न मनात ठेवून ऐकलं की निम्मा गोंधळ जातो. इतिहासाचा क्रम बीबॉप, कूल, हार्ड बॉप, मोडल, फ्री, फ्यूजन असा लागतो. ऐकताना मात्र मी तुम्हाला थेट मध्यात, 1959 सालात उतरायला सांगणार आहे. रागसंगीत थोडंफार ऐकलेल्या कानाला तिथला दरवाजा सर्वांत रुंद आहे.

पायरी 1: हेडफोन लावा आणि मोजा

फोनच्या स्पीकरवर हे संगीत ऐकू नका. त्यावर डबल बास, म्हणजे बोटांनी छेडलेलं ते उंच तंतुवाद्य, जवळजवळ नाहीसं होतं, आणि नवख्याला खरा आधार त्याचाच असतो. साधे हेडफोन पुरतात.

आता रचना. बहुतेक जॅझ चार मात्रांच्या बारमध्ये चालतो. असे आठ बार म्हणजे एक भाग, आणि असे चार भाग मिळून 32 बारांचं एक आवर्तन. त्याला वादक ‘कोरस’ म्हणतात. भागांची मांडणी बहुधा अ-अ-ब-अ अशी: एकच चाल दोनदा, मग वेगळी चाल (तिला ‘ब्रिज’ म्हणतात), मग पुन्हा पहिली. सुरुवातीला सगळे मिळून मूळ धून वाजवतात, ते ‘हेड’. त्यानंतर एकेक वादक पुढे येतो आणि त्याच 32 बारांवर, त्याच कॉर्डच्या (म्हणजे एकदम वाजणाऱ्या स्वरांच्या गुच्छांच्या) क्रमावर स्वतःचं वाजवतो. एखादा एकच आवर्तन घेतो, एखादा दहा. शेवटी पुन्हा हेड. दुसरा नेहमीचा साचा 12 बारांचा, तो ब्लूज.

म्हणजे चाल कुठे जात नाही, ती मनात चालू ठेवायची असते. सोलो सुरू झाला की हेड मनातल्या मनात गुणगुणत राहा. ब्रिज आला की खालची कॉर्ड बदलल्याचं जाणवतं आणि आपण कुठे आहोत ते कळतं. हरवलात तर बास धरा, तो बहुतेक वेळा प्रत्येक मात्रेला एक स्वर देत चालत असतो.

आपल्या सवयीला आडव्या जाणाऱ्या दोन गोष्टी आधीच सांगून ठेवतो. इथे टाळी पहिल्या मात्रेवर पडत नाही, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडते. ड्रमरच्या डाव्या पायाखालच्या झांजा तिथेच मिटतात. आणि समेवर येण्याचा सोहळा नसतो. चांगला सोलोवादक आवर्तनाच्या सीमेवरून वाक्य बिनदिक्कत पलीकडे नेतो. तिहाईची वाट बघत बसलात तर हाती काही लागणार नाही.

पायरी 2: ‘सो व्हॉट’ आठवडाभर

माइल्स डेव्हिसचा ‘काइंड ऑफ ब्लू’ हा अल्बम मार्च आणि एप्रिल 1959 मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया स्टुडिओत दोन दिवसांत रेकॉर्ड झाला. त्यातला पहिला तुकडा ‘सो व्हॉट’. नऊ मिनिटांचा आहे. आठवडाभर एवढाच ऐका.

हार्मोनियम हाताशी असेल तर पांढरी दोनवर षड्ज धरा आणि फक्त पांढऱ्या पट्ट्या वाजवा. गंधार-निषाद कोमल, बाकी शुद्ध: आपला काफी थाट. ‘सो व्हॉट’चे पहिले सोळा बार एवढ्याच स्वरांवर उभे आहेत. ब्रिजच्या आठ बारांत सगळं जसंच्या तसं अर्धा स्वर वर, काळी दोनवर सरकतं आणि शेवटच्या आठ बारांत पुन्हा पांढरी दोनवर येतं. बस, एवढीच बांधणी. हाच तो मोडल जॅझ.

थाट जुळला म्हणून याला राग समजायचं कारण नाही. आरोह-अवरोहाचं बंधन नाही, वादी-संवादी नाही, आणि सगळ्यात मोठा फरक म्हणजे षड्जच जागा बदलतो. तानपुरा लावून हे वाजवताच येणार नाही. पण एका स्वरसमूहात बराच वेळ राहून तो हळूहळू उलगडायचा, ही वृत्ती आपल्या ओळखीची आहे. म्हणूनच सुरुवात इथून.

ऐकताना काय बघायचं ते सांगतो. सुरुवातीला पियानो आणि बास ठेका न धरता काही स्वर देतात. मग बासच हेड वाजवतो (हे त्या काळी विरळाच) आणि पियानोच्या दोन कॉर्ड त्याला उत्तर देतात. पुढे तेच उत्तर शिंगवाद्यं, म्हणजे ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन, उचलतात. साधारण दीड मिनिटावर जिमी कॉब झांजेवर एक दणका मारतो आणि डेव्हिसचा ट्रम्पेट सुरू होतो. त्याच्या दोन आवर्तनांत तो किती कमी वाजवतो ते मोजा. जागा सोडतो, थांबतो, एकच स्वर दोन वेगळ्या ठिकाणी ठेवतो. त्यानंतर जॉन कोल्ट्रेनचा टेनर सॅक्सोफोन त्याच चौकटीत स्वरांची रास ओततो. मग कॅननबॉल ॲडर्लीचा आल्टो सॅक्सोफोन येतो, हसरा आणि ब्लूजच्या वळणाचा. शेवटी बिल एव्हान्सचा पियानो. चौकट एक, स्वभाव चार. कोणता कोणाचा हे नाव न बघता सांगता येईपर्यंत पुढे जाऊ नका.

पायरी 3: आता मागे, बीबॉपकडे

डेव्हिसनं 1959 मध्ये कॉर्डची गर्दी कमी केली. ती गर्दी आली कुठून हे कळायला चौदा वर्षं मागे जावं लागतं.

चाळीसच्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत 118व्या रस्त्यावर मिंटन्स प्लेहाउस नावाची जागा होती. मोठ्या स्विंग बँडांत पोटासाठी वाजवणारे तरुण कृष्णवर्णीय वादक काम संपल्यावर तिथे जमायचे. पियानोवर थेलोनियस मंक, ड्रमवर केनी क्लार्क. बँडमध्ये सोलोला आठ-सोळा बार मिळायचे, इथे रात्र मोकळी होती. चाली त्याच, पण कॉर्ड वाढवलेल्या, वेग असा की कच्च्या वादकानं मुकाट्यानं खाली उतरावं. क्लार्कनं मुख्य ठेका पायाच्या मोठ्या ड्रमवरून उचलून उजव्या हाताच्या झांजेवर नेला आणि पाय अवचित धक्के द्यायला मोकळा केला. माझ्या मते हा बदल सगळ्यात मूलभूत आहे. पुढचा जवळजवळ सगळा जॅझ त्या झांजेवर तरंगतो.

याला बाहेरची कारणंही होती. ऑगस्ट 1942 मध्ये अमेरिकेतल्या वादकांच्या संघटनेनं रेकॉर्डिंगवर बहिष्कार टाकला. मोठ्या कंपन्यांशी तडजोड व्हायला 1944 चा नोव्हेंबर उजाडला, त्यामुळे बीबॉपचं बाळपण रेकॉर्डवर जवळजवळ नाहीच. युद्धात वादक भरती झाले, मोठे ताफे पोसणं परवडेना. 1944 मध्ये नाच किंवा गाणं असलेल्या ठिकाणांवर 30 टक्के कर बसला, तो त्याच वर्षी 20 टक्क्यांवर आला. बसून ऐकायचं नुसतं वाद्यसंगीत त्यातून सुटत होतं. पाच जणांचा, न नाचवणारा ताफा हिशेबातही बसू लागला.

ऐकायला सुरुवात आल्टो सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करच्या ‘नाउज द टाइम’नं करा. बारा बारांचा ब्लूज, वेग झेपेल असा, एका आवर्तनात 48 मात्रा, मोजता येतात. 26 नोव्हेंबर 1945 ला हा तुकडा रेकॉर्ड झाला. त्याच बैठकीत ‘को-को’ही झाला, आणि तो ऐकताना मात्र मोजणं सोडून द्या. वेग मिनिटाला सुमारे 300 मात्रांचा आहे.

‘को-को’चं कोडं सोडवायची युक्ती अशी: आधी चार्ली बार्नेटच्या बँडचं 1939 चं ‘चेरोकी’ लावा. गोड, नाचता येईल असा स्विंग. ते चार-पाचदा ऐकून पाठ करा. मग ‘को-को’ लावा आणि पार्करचा सोलो सुरू झाला की ‘चेरोकी’ मनात चालू करा. दोन्ही जुळतात! कॉर्डचा सांगाडा तोच, चाल फेकून दिलेली. त्या बैठकीचा एक अर्धवट टेक उपलब्ध आहे, त्यात वादक चक्क ‘चेरोकी’ची मूळ चाल वाजवू लागतात आणि मध्येच थांबवले जातात. चालीवर मूळ संगीतकाराचा हक्क असतो, कॉर्डच्या क्रमावर नसतो. नवी धून लिहिली की ती आपली. बीबॉपच्या कितीतरी रचना अशा जुन्या गाण्यांच्या सांगाड्यांवर बेतलेल्या आहेत. त्यातल्या काहींमागे कला होती, काहींमागे रॉयल्टी वाचवायची व्यावहारिक अक्कल, बऱ्याचदा दोन्ही.

वेग फारच वाटला तर यूट्यूबवर 0.75 करून ऐका. शुद्धतावादी नाक मुरडतील, मुरडू द्या. शोधताना एवढं जपा, की ‘को-को’ याच नावाची ड्यूक एलिंग्टनची 1940 ची रेकॉर्ड आहे. ती स्वतंत्र आणि सुंदर आहे, पण पार्करची नव्हे.

मंकला या खणात कोंबू नका. तो मिंटन्समध्ये होता, बीबॉपच्या कॉर्डवर त्याचा हात आहे, पण त्याचा पियानो वेगात कधीच रमला नाही. मुद्दाम बाजूचा वाटणारा स्वर, मग लांब शांतता. ‘राउंड मिडनाइट’ त्याच्याच हातून ऐका.

पायरी 4: थंड आणि गरम

बीबॉपनंतर दोन वाटा फुटल्या. त्या एका बैठकीत एकापाठोपाठ ऐकल्या तर फरक झटकन कळतो.

कूल जॅझनं बीबॉपची कॉर्ड धरली आणि ताव सोडला. 1949-50 मध्ये माइल्स डेव्हिसनं नऊ जणांना घेऊन काही तुकडे रेकॉर्ड केले. त्यात फ्रेंच हॉर्न आणि ट्यूबासारखी मवाळ आवाजाची वाद्यं होती. पुढे 1957 मध्ये ते ‘बर्थ ऑफ द कूल’ नावानं एकत्र आले. खरं सांगायचं तर मला ते आदरानं ऐकावंसं वाटतं, प्रेमानं तितकं नाही. या कुळातली रेकॉर्ड प्रेमानं ऐकायची तर जेरी मुलिगन आणि चेट बेकर यांची 1952 ची, लॉस एंजेलिसमधली. त्यात पियानोच नाही. बॅरिटोन सॅक्सोफोन आणि ट्रम्पेट एकमेकांभोवती वेलीसारखे चढतात आणि मधल्या मोकळ्या जागेत कॉर्ड आपोआप ऐकू येते.

पियानोवादक डेव्ह ब्रुबेकच्या ‘टेक फाइव्ह’ची (1959) ओळख करून द्यायला नको. पॉल डेस्मंडची ही रचना पाच मात्रांत आहे, 3 आणि 2 अशी मोडलेली. आपल्याला झपतालाची 2-3 सवय असल्यानं पहिल्यांदा जरा उलटं वाटतं, पण पाच मात्रांनी आपण दचकत नाही. अमेरिकन श्रोते दचकले होते. ब्रुबेकची चौकडी 1958 मध्ये अमेरिकी सरकारच्या दौऱ्यावर तुर्कस्तान, भारत वगैरे फिरून गेली होती, मुंबईतही वाजवून गेली. त्याच अल्बममधल्या ‘ब्लू रॉन्डो’ची नऊ मात्रांची 2-2-2-3 चाल त्यानं इस्तंबूलच्या रस्त्यावरच्या वादकांकडून उचलली.

आता हार्ड बॉप. ड्रमर आर्ट ब्लेकी आणि त्याच्या जॅझ मेसेंजर्स ताफ्याचं ‘मोनिन’, ऑक्टोबर 1958. बीबॉपचं कौशल्य तसंच ठेवून यांनी कृष्णवर्णीयांच्या चर्चमधलं गाणं आणि ब्लूज पुन्हा आत आणलं. बॉबी टिमन्सचा पियानो एक ओळ म्हणतो, बाकीचे दोन कॉर्डमध्ये ‘आमेन’ म्हणतात. भजनात बुवांची ओळ टाळकऱ्यांनी झेलावी, तसाच हा सवाल-जवाब आहे. मग वीस वर्षांचा ली मॉर्गन ट्रम्पेटवर अशा थाटात उतरतो की खुर्चीत स्वस्थ बसवत नाही. ज्यांना ‘जॅझ डोक्यावरून जातो’ असं वाटतं त्यांना मी हीच रेकॉर्ड लावून देतो.

या काळातल्या ब्लू नोट कंपनीच्या रेकॉर्ड डोळे मिटून घेतल्या तरी चालतात. त्यांचा आवाज रूडी व्हॅन गेल्डर नावाच्या माणसानं घडवला. तो दिवसा लोकांचे डोळे तपासून चष्म्याचे नंबर काढायचा आणि फावल्या वेळात न्यू जर्सीत आई-वडिलांच्या घरच्या दिवाणखान्यात रेकॉर्डिंग करायचा. ‘मोनिन’ तिथलंच आहे.

बासवादक चार्ल्स मिंगसचा ‘मिंगस आह अम’ (1959) याच सुमारास ऐकून घ्या. आर्कान्सॉचा गव्हर्नर फॉबस यानं 1957 मध्ये काळ्या मुलांना शाळेत शिरू न देण्यासाठी सैनिक उभे केले होते, त्याची टिंगल करणारा तुकडा त्यात आहे. कोलंबिया कंपनीनं त्यातले शब्द गाळायला लावले. शब्दांसकट तो पुढच्या वर्षी दुसऱ्या, लहान कंपनीसाठी रेकॉर्ड झाला. दोन्ही ऐका.

पायरी 5: चौकट सोडणारे

इथवर कॉर्ड आणि आवर्तन कुठेतरी शाबूत होतं. नोव्हेंबर 1959 मध्ये ऑर्नेट कोलमन प्लास्टिकचा आल्टो सॅक्सोफोन घेऊन न्यूयॉर्कच्या फाइव्ह स्पॉट कॅफेत आला आणि त्यानं तेही सोडलं. पियानो नाही, म्हणजे कॉर्ड सांगणारं कोणी नाही. काहींनी त्याला डोक्यावर घेतलं, काहींनी वेड्यात काढलं.

नवखे लोक नाव वाचून थेट 1960 च्या ‘फ्री जॅझ’ अल्बमला हात घालतात. दोन चौकड्या, एक डाव्या कानात, एक उजव्या, 37 मिनिटं सलग. तिथे दमछाक होते आणि माणूस फ्री जॅझचं नाव टाकतो. ‘लोनली वुमन’पासून सुरुवात करा. ड्रम आणि बास धावतायत, वरची धून मात्र संथ, रडवेली, दोन शिंगवाद्यांच्या गळ्यातून एकत्र आल्यासारखी. मात्रा मोजायला जाऊ नका, कोलमनचं वाक्य कुठे संपतं आणि चार्ली हेडनचा बास त्याला कसा प्रतिसाद देतो तेवढं ऐका. इथे धून धरलेली आहे, बाकी सोडलेलं.

कोल्ट्रेनचा रस्ता वेगळा. मे 1959 मध्ये त्यानं ‘जायंट स्टेप्स’मध्ये कॉर्डची गर्दी टोकाला नेली. इतकी, की पियानोवाला टॉमी फ्लॅनगन सोलोत चाचपडताना स्पष्ट ऐकू येतो. त्यानंतर कोल्ट्रेन उलट दिशेला, एका स्वरावर ठाण मांडण्याकडे गेला. यात रविशंकरांच्या वादनाचा वाटा आहे. नोव्हेंबर 1961 मध्ये व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबमध्ये त्यानं ‘इंडिया’ वाजवलं, आणि 1965 मध्ये जन्मलेल्या मुलाचं नाव रवी ठेवलं. ‘इंडिया’त राग शोधू नका, सापडणार नाही. खालचा धरून ठेवलेला स्वर ऐका.

डिसेंबर 1964 मधलं ‘अ लव्ह सुप्रीम’ सलग ऐकायचं, चारही भाग, अर्ध्या तासाच्या थोडं वर. पहिल्या भागात बासनं धरलेली चार स्वरांची ओळ कोल्ट्रेन बाराही पट्ट्यांत फिरवतो, आणि मग वाद्य खाली ठेवून तीच ओळ शब्दांत पुन्हा पुन्हा म्हणतो. चौथा भाग निराळाच आहे. अल्बमच्या आत कोल्ट्रेननं लिहिलेली प्रार्थना छापलेली आहे, आणि सॅक्सोफोन ती प्रार्थना शब्दागणिक ‘वाचतो’. मजकूर समोर ठेवून ऐकलंत तर वाक्यं जुळताना दिसतात. यानंतरचा, 1967 मध्ये मृत्यू येईपर्यंतचा कोल्ट्रेन फार खडतर आहे. घाई करू नका.

पायरी 6: विजेची वाद्यं

पुन्हा डेव्हिस. 1969 च्या ‘इन अ सायलेंट वे’मध्ये तीन इलेक्ट्रिक कीबोर्ड आणि जॉन मॅक्लॉफ्लिनचा गिटार आहे. निर्माता टिओ मॅसेरोनं टेप कापून-जोडून तुकडे घडवले, म्हणजे आवर्तनाची जागा संपादनानं घेतली. पुढच्या वर्षी आलेलं ‘बिचेस ब्रू’ त्याच वाटेवरचं, पण दाट आणि काळोखं; ते नंतर. झांजेवरचा तरंगता ठेका इथे सुटला आणि रॉक-फंकचा आला; हेच फ्यूजन. फंक आवडत असेल तर हर्बी हॅनकॉकचं ‘हेड हंटर्स’ (1973) लगेच आवडेल. सत्तरच्या दशकातलं बरंचसं फ्यूजन मला कवायतीसारखं वाटतं, म्हणून इथे रेंगाळत नाही.

अपवाद ‘शक्ती’चा. मॅक्लॉफ्लिननं वीज बाजूला ठेवली आणि झाकिर हुसेन, व्हायोलिनवादक एल. शंकर, घटमवादक विक्कू विनायकराम यांच्याबरोबर बसला. तिथे समही आहे आणि तिहाईही, पहिल्या पायरीवर जी वाट बघू नका म्हटलं ती सगळी.

पुढची रेकॉर्ड कशी निवडायची

‘कॅफे जॅझ’ किंवा ‘पावसाळी जॅझ’ अशा नावांच्या प्लेलिस्टच्या नादी लागू नका. त्या मागे वाजत राहण्यासाठीच बनवलेल्या असतात. शैलींची नावं पाठ करण्यातही अर्थ नाही. वादकांची नावं वाचा. आवडलेल्या रेकॉर्डवर ड्रम कोणाचे, बास कोणाचा, हे बघायचं आणि त्या माणसामागे जायचं. ‘सो व्हॉट’मधला बिल एव्हान्स भावला? मग जून 1961 मधलं त्याच्या तिकडीचं व्हिलेज व्हॅनगार्डमधलं वादन घ्या. तिथला बासवादक स्कॉट लाफारो नुसती साथ करत नाही, बोलतो. त्या मैफलीनंतर थोड्याच दिवसांत तो मोटार अपघातात गेला. ॲडर्ली आवडला तर 1958 चं ‘समथिन एल्स’ घ्या. त्यात डेव्हिस चक्क साथीदार म्हणून आहे आणि ड्रमवर ‘मोनिन’वाला ब्लेकी.

प्रत्यक्ष मैफलीची संधी मिळाली तर सोडू नका. मुंबईत 1978 मध्ये ‘जॅझ यात्रा’ सुरू झाली तेव्हा सॉनी रॉलिन्ससारखा मोठा सॅक्सोफोनवादक तिथे येऊन वाजवून गेला होता. आजही नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात अधूनमधून चांगले जॅझचे कार्यक्रम होतात. बसायची जागा ड्रमरचा उजवा हात दिसेल अशी निवडा. आणि प्रत्येक सोलो संपला की टाळ्या वाजवा, तुकडा संपायची वाट बघायची नसते. सोलो संपला कधी हे कळत नसेल तर वादक माइकपासून मागे सरकतो, तेव्हा.